सांगायचं कुणी

महामायाबाईंना उद्या कुणी विचारलं, की बाई, जन्मभर शाळेत लेकरांना तोंड उघडून बोलायला शिकवलं तुम्ही, मग एवढी एक गोष्ट तुमच्याच तोंडून का निघाली न्हाई, तर त्यांच्याकडं उत्तर नाही. म्हणजे उत्तर आहे, पण ते द्यायची त्यांना लाज वाटते. आणि महामायाबाईंना लाज वाटते असं जळकोटात कुणाला सांगितलं तर लोक हसतील. तिथल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत त्या मुख्याध्यापिका होत्या तेव्हा सरपंचसुद्धा व्हरांड्यात तंबाखू थुंकायच्या आधी इकडंतिकडं बघायचा.

मालक लवकर गेले. एकुलता एक मुलगा आनंदराज, तो पुण्याला कंपनीत. सून, नात तिकडंच. बाईंनी रिटायरमेंट जवळ आली तसं लातूरला दोन खोल्यांचं घर केलं आणि घरभरणीचे लाडू संपायच्या आत त्यांच्या छातीत गाठ निघाली. ऑपरेशन झालं. केस गेले, परत आले, पहिल्यापेक्षा दाट आले. "बघा, नवा माल हाय," असं त्या बघायला येणाऱ्यांना सांगायच्या. घाबरणं त्यांच्या स्वभावातच नव्हतं.

पण दवाखान्यात एक समुपदेशक ताई होत्या, वयानं पोरसवदा, पण प्रश्न विचारायला पक्क्या. आई कशानं गेली? महामायाबाई म्हणाल्या, "पोटात पाणी झालं म्हणत होते. पार्वतीबाई नाव. पन्नाशीबी गाठली न्हाई." मावशी? "तिला छातीला फोड झाला होता. चिघळला." आणि हे सांगता सांगता त्यांचा त्यांनाच आवाज बारीक येऊ लागला. जन्मभर ज्याला दोन वेगवेगळ्या बायकांची दोन वेगवेगळी नशिबं समजत आलो, ते एकच होतं की काय!

एकच होतं. रक्त तपासलं तर बीआरसीए नावाच्या जनुकात बिघाड निघाला. आईकडून आलेला. ताईंनी समजावून सांगितलं, की हा बिघाड असला की कॅन्सर होतोच असं नाही, पण धोका फार वाढतो. आणि तो पुढच्या पिढीत जायची प्रत्येक लेकराला निम्मी शक्यता.

"मला मुलगीच न्हाई," बाई म्हणाल्या, आणि खुर्चीत जरा मागं टेकल्या.

"मुलगा आहे ना? मुलामध्येही असू शकतो. पुरुषांना आजार कमी होतो, पण ते पुढं मुलीला देऊ शकतात. भाऊ आहे का तुम्हाला?"

"हाय. कंधारला."

"त्याला मुलगी?"

भावाला एकच मुलगी. दिपाली. ती चौथीत असताना तिची आई साप चावून गेली, तेव्हापासून पोरीच्या उन्हाळ्याच्या, दिवाळीच्या सगळ्या सुट्ट्या आत्याकडं. नाक आत्याचं, चाल आत्याची, भांडायची तऱ्हासुद्धा आत्याची. "आत्यावर गेली पोरगी," असं कुणी म्हणलं की बाईंना कोण अभिमान वाटायचा!

"तिला सांगा," ताई म्हणाल्या. "लवकर सांगा. नसेल तर पेढे वाटा. असेल तर दर वर्षी तपासण्या करू, वेळ पडली तर आजार व्हायच्या आधीच ऑपरेशनचा विचार करू. मॅडम, कळलं तर वाचवता येतं."

आता दिपाली कुठं होती? इस्लापूरला, तलाठी म्हणून. फोन तिच्या हातात, आत्याचा नंबर तिला तोंडपाठ. एक फोन लावायचा होता. पण महामायाबाईंनी एसटी धरली ती कंधारची. पोरीचं काहीही असो, शिक्षणाचं, नोकरीचं, दुखण्याखुपण्याचं, आधी बापाच्या कानावर घालायचं, मग पुढं. असंच त्या घरात चालत आलं होतं. बापाला डावलून पोरीशी बोललं की 'परस्पर केलं' असा शब्द लागतो. बाईंनी शाळेत पन्नास रीती मोडल्या असतील, पण माहेरची ही एक रीत त्यांना त्या दिवशी अगदी पाळावीशी वाटली.

भावाचं, म्हणजे धम्मानंदाचं, बसस्टँडच्या मागं मोटार रिवायंडिंगचं दुकान. विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी यायच्या, त्यातली काळी पडलेली तांब्याची तार उपसायची आणि नवी भरायची. माणूस अबोल, सरळ, नाकासमोर चालणारा. बहिणीला बघून त्यानं स्टूल पुसला, चहा सांगितला आणि परत तार गुंडाळायला बसला. बाईंनी सगळं सांगितलं. आई, मावशी, आपण. तुझ्यात असू शकतं, तुला काही होणार न्हाई बहुतेक, पण दिपालीत असू शकतं. 'छाती' हा शब्द आला तशी त्याची मान जी खाली गेली ती वर आलीच नाही.

"अक्का," तो तार ओढत म्हणाला, "नांदेडचे पाहुणे रविवारी येऊन राहिलेत. पोरगा महावितरणमध्ये हाय. नागसेन नाव. लई चांगलं स्थळ हाय."

"मग त्याचा इथं काय संबंध?"

"संबंध न्हाई. पण घराण्यात असं काही हाय म्हणून बाहेर गेलं तर..."

"बाहेर कशाला जाईल? मी काय दवंडी पिटाय सांगून राहिले का? फक्त पोरीला सांग. तिनं तपासून घ्यावं. पुढचं तिचं ती बघंल, शहाणी हाय."

"सांगतो."

"नक्की?"

"सांगतो म्हणलं ना अक्का."

झालं. बाईंनी मोठा श्वास सोडला. घरी जाऊन भावाला पिठलं-भाकरी करून घातली, दोघांनी आईच्या आठवणी काढल्या आणि दुपारच्या गाडीनं त्या लातूरला परत आल्या. येताना त्यांना इतकं हलकं वाटत होतं की शेजारच्या बाईच्या लेकराला त्यांनी पूर्ण रस्ताभर मांडीवर घेतलं. काम आपण केलं, आता ते आपलं राहिलं नाही, असं हे हलकं वाटणं होतं. उंटावरून शेळ्या हाकायच्या त्या अशा!

स्थळ जुळलं. लग्न नांदेडला ठरलं, हळद कंधारला. हळदीच्या दिवशी दिपालीच्या पाठीला हळद लावता लावता बाईंच्या मनात आलं, की बापानं सांगितलं का ते विचारावं. आणि पोरीनंच वाट करून दिली. "आत्या, तुझा हात दुखतो का गं अजून? ऑपरेशनच्या बाजूचा?"

"न्हाई गं. आता कशाचं!"

"काळजी घेत जा. मला आई न्हाई, तूच हायस." असं म्हणून ती हसली, हळदीनं माखलेल्या तोंडानं. एवढी उघडी वाट समोर असून महामायाबाई बोलल्या काय, तर "हालू नकोस, साडी भरंल."

पुढं स्वयंपाकघरात भाऊ पाणी प्यायला आला तसं त्यांनी त्याला गाठलं. "सांगितलंस का रे तिला?"

"हां, हां. बघतो." आणि तो मंडपवाल्याकडं निघून गेला.

आता ज्या बाईनं उभी हयात सरकारी नोकरीत काढली तिला 'बघतो' म्हणजे काय हे कळू नये? पंचायत समितीतला साहेब 'बघतो' म्हणाला की काम होणार नाही, हे त्यांनी किती नव्या शिक्षकांना शिकवलं होतं! पण त्या दिवशी त्यांनी 'बघतो' हे 'सांगितलं' असंच धरलं. धरायचंच होतं त्यांना. दुसऱ्या दिवशी नांदेडच्या हॉलमध्ये त्रिशरण-पंचशील झालं, फुलं पडली, पोरगी सासरी गेली.

मग कारणांना काय तोटा! नवं नवं लग्न, आत्ताच कशाला पोरीच्या जिवाला घोर. मग दिवस गेले. पोटुशी बाईला असलं काही सांगतात का? मग मुलगी झाली. ओल्या बाळंतिणीला घाबरवायचं? बारशाला महामायाबाई नांदेडला गेल्या, बाळाला सोन्याचे मणी केले, दिपालीच्या डोक्याला तेल लावून दिलं. दिपाली मजेत होती. सांगितलंच असंल धम्मानं, बाई मनाशी म्हणाल्या; शिकलेली पोरगी, गुपचूप तपासून मोकळीबी झाली असंल, काही निघालं नसंल म्हणूनच तर बोलत न्हाई. बहिणीची अळीमिळी, भावाची गुपचिळी.

फोन आला तेव्हा बाई दुपारी ज्वारी निवडत बसल्या होत्या.

"आत्या, तुला एक विचारायचं होतं. तुझी गाठ होती ना, ती दुखायची का?"

ताटातली ज्वारी तशीच राहिली. "का गं?"

"अगं, मला एक लागून राहिली. काखेच्या बाजूला. सासूबाई म्हणतात, दुधाची गाठ हाय, पाजतीस ना, बसतं दूध. शेकून राहिले, कोबीची पानं बांधून झाली. पण कमी होईना. मोठीच होऊन राहिली."

"कधीपासून?"

"बाळ दोन महिन्यांचं होतं तेव्हापासून. आता बसायला लागलं की ते."

महामायाबाईंनी ताट बाजूला सारलं. तरी त्यांनी विचारलंच, आणि विचारताना मनातल्या मनात हात जोडले, "दिपे, तुझ्या पप्पांनी तुला काही सांगितलं नव्हतं का? लग्नाच्या आधी?"

"काय?" दिपाली म्हणाली. "कशाबद्दल?"

त्या 'काय'चा आवाज बाईंच्या कानातून आजही जात नाही. अगदी साधा होता, भाजीचा भाव विचारावा तसा. पोरीला काही म्हणजे काहीच ठाऊक नव्हतं.

दुसऱ्याच दिवशी नागसेननं तिला गाडी करून लातूरला आणलं. तोच दवाखाना, त्याच तपासण्या. गाठीत कॅन्सर निघाला, यकृतावरही डाग निघाले, आणि रक्तात तोच बिघाड. डॉक्टर बोलायला मऊ होते, पण बोलले ते स्पष्ट: औषधं आहेत, चांगली आहेत, दिवस मिळतील, कदाचित बरेच मिळतील, पण आता हे मुळासकट निघायचं नाही. बाळाचं दूध तोडावं लागेल. ते ऐकून दिपाली पहिल्यांदा रडली. त्याच्या आधी नाही.

त्या समुपदेशक ताई तिथंच होत्या अजून. त्यांनी बाईंना ओळखलं, दिपालीचं नाक बघितलं, कागद बघितले. "ही भावाची मुलगी ना तुमच्या? मॅडम, आपलं तेव्हा बोलणं झालं होतं ना?" आवाजात राग नव्हता, उलट समजूत घातल्यासारखा आवाज होता, आणि तेच बाईंना सोसेना.

"भावाला सांगितलं होतं मी," त्या म्हणाल्या.

भाऊ संध्याकाळच्या गाडीनं आला. दवाखान्याच्या जिन्यात बाईंनी त्याला जे धारेवर धरलं ते येणाऱ्याजाणाऱ्यांनी उभं राहून ऐकलं. "तोंडाला कुलूप लागलं होतं का तुझ्या? पोरीच्या जिवापेक्षा सोयरीक मोठी झाली का तुला? तीन वर्षं, धम्मा! तीन वर्षं मूग गिळून बसलास!" धम्मानंद भिंतीला धरून उभा. हाताच्या बोटांना वार्निशचे डाग.

"लई डाव ठरवलं, अक्का," तो म्हणाला. "एकदा इस्लापूरला गेलो बी. तिच्या ऑफिसात बसलो. चहा पाजला तिनं. म्हणलं, आता सांगावं. पण कसं सांगू? बाप हाय मी. पोरीसमोर कोणत्या तोंडानं तो शब्द काढू? 'तब्येत दाखवत जा' म्हणलो अन् परत आलो." आणि मग तो तिथंच पायरीवर बसला आणि लहान लेकरासारखा रडला. बाईंनी त्याच्या पाठीवर हात ठेवला नाही. ठेवायला हवा होता, पण नाही ठेवला.

पहिलं औषध चढवून झाल्यावर दिपाली आत्याच्या घरी राहायला आली. लातूरलाच उपचार करायचे ठरले होते. बाळ आजीकडं नांदेडला. चौथ्या दिवशी सकाळी ती उठून बसली, चहा दे म्हणाली. महामायाबाईंना बरं वाटलं. चहाचे दोन कप घेऊन त्या पलंगावर टेकल्या आणि जे बोलू नये तेच बोलल्या.

"तुझ्या बापानं घात केला गं. एवढं बजावून आले होते मी."

दिपालीनं कप हातात धरला, प्याली नाही. "आत्या, पप्पांना नको बोलूस. ते दर फोनला म्हणायचे, तब्येत दाखवत जा, तब्येत दाखवत जा. मला वाटायचं, बापाची माया. मी हसण्यावारी न्यायची."

"ते काय सांगणं झालं का?"

"त्यांना तेवढंच जमलं." ती म्हणाली. "मी सातवीत होते ना आत्या, पहिल्यांदा पाळी आली तेव्हा? पप्पांना माझा फ्रॉक दिसला अन् ते घराबाहेर निघून गेले. मला वाटलं, माझ्यावर रागावले. त्यांनी तुला फोन केला होता. काय म्हणले होते?"

महामायाबाईंना ते आठवत होतं. शब्दन् शब्द आठवत होता. "म्हणला, अक्का, पोरीला बरं न्हाई, ये."

"एवढंच?"

"एवढंच."

"अन् तुला कळलं."

"कळलं."

"रात्रीच्या गाडीनं आलीस तू जळकोटवरून. सगळं समजावून सांगितलंस मला. काय घ्यायचं, कसं घ्यायचं, कशाला घाबरायचं न्हाई. पप्पा दोन दिवस दुकानातच जेवले." आता तिनं आत्याकडं सरळ बघितलं. "म्हणजे तुला ठाऊक होतं. पप्पांच्या तोंडून हे निघणार न्हाई, हे तुझ्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. मग हे त्यांना कशाला सांगितलंस गं? मला का न्हाई?"

महामायाबाईंनी मान वर केली नाही. खोटं बोलायला जागाच उरली नव्हती.

"ठाऊक होतं," त्या म्हणाल्या. "तुला सांगितलं असतं तर तू रडली असतीस. अन् ते मला बघावं लागलं असतं. माझ्यामुळं... माझ्या रक्तातून तुझ्यात आलं असं मला वाटायचं. तुझ्या तोंडाकडं बघून ते बोलायची माझी हिंमत झाली न्हाई. धम्माला सांगितलं की माझं सुटलं, एवढंच बघितलं मी. मला माफ करू नकोस, दिपे."

दिपालीनं माफ करते असंही म्हणलं नाही आणि करत नाही असंही नाही. तिनं एकच विचारलं. "आनंददादाला सांगितलंस?"

बाईंनी पलंगावरची चादर सारखी केली.

"आत्या?"

"त्याला ऑपरेशनचं ठाऊक हाय."

"ते न्हाई. हे. त्याच्यात असंल, त्याच्या पोरीत असंल, हे सांगितलंस का?"

काय सांगणार? मुलासमोर तो शब्द काढायचा कसा, म्हणून राहिलं होतं. सूनबाईला सांगू म्हणून राहिलं होतं, पुढच्या खेपेला सांगू म्हणून राहिलं होतं. जिन्यात भावाला चारचौघांत सोलून काढणारी बाई! आपलं ठेवायचं झाकून अन् दुसऱ्याचं बघायचं वाकून.

"लाव फोन," दिपाली म्हणाली. "आत्ता. माझ्यासमोर."

"तो ऑफिसात असंल..."

"असू दे."

महामायाबाईंनी फोन लावला. आनंदराजनं उचलला, मागं माणसांची बडबड ऐकू येत होती. "बोल आई. दिपाली कशी आहे?" बाईंनी एकदा पलंगाकडं बघितलं आणि बोलायला लागल्या. माझ्या छातीत कॅन्सर झाला तो साधा नव्हता बाळा, आपल्या घराण्यात आजीपासून आलेला बिघाड हाय त्याच्यामागं. तो माझ्यात हाय. दिपालीत हाय. तुझ्यातबी असू शकतो, निम्मी शक्यता. पुरुषाला असला तरी तो पुढं पोरीला देऊ शकतो. नुसतं रक्त द्यायचं, तपासायचं. निघाला तर तुझी मुलगी मोठी झाल्यावर तिच्या तपासण्या वेळेवर करता येतात. कळलं तर वाचवता येतं. छाती हा शब्द त्यांनी दोन-तीनदा म्हणला आणि काहीही झालं नाही, छप्पर पडलं नाही की मुलगा लाजून मेला नाही.

"तुला कधी कळलं हे?" आनंदराजनं विचारलं.

"तीन वर्षं झाली."

मग तो म्हणाला, "बरं. शनिवारी सुट्टी आहे, तपासून घेतो. रिपोर्ट आला की सांगतो तुला. तू जेवलीस का?"

फोन ठेवला. सगळं मिळून चहासुद्धा निवला नाही, एवढाच वेळ लागला होता. महामायाबाईंनी पदर तोंडाला लावला.

"बघ आत्या," दिपाली म्हणाली आणि चहाचा पहिला घोट घेतला. "मीबी एवढंच म्हणले असते. बरं, तपासून घेते."